काड्या-गोळ्यांचे रेणू: कोणत्या प्रश्नाला कोणते मॉडेल?

शाळेच्या पुस्तकात कार्बनी संयुगांचा धडा सुरू झाला की मिथेनचे रचनासूत्र अधिक चिन्हासारखे काढलेले दिसते. मधे कार्बन, चार दिशांना चार हायड्रोजन. कोण कोणाशी जोडलेला आहे एवढेच सांगायचे असेल तर ते अगदी बरोबर आहे. अडचण अशी की पुष्कळ मुलांच्या मनात मिथेन त्या दिवसापासून सपाट होऊन बसतो आणि त्याचे कोन ९० अंशांचे वाटू लागतात. पुढे अकरावी-बारावीला आणि बी.एस्सी.ला समघटक, आरशातल्या प्रतिमा, सायक्लोहेक्झेनचा खुर्चीसारखा आकार हे विषय येतात, तेव्हा समजण्याची जागा पाठांतर घेते. रेणू स्वतःच्या हातांनी बांधणे हा यावरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. तरीही आपल्या बहुतेक वर्गांत मॉडेल असते ते काचेच्या कपाटात.

या लेखात रेणूंच्या मॉडेलांचा आढावा साहित्याच्या क्रमाने घेतलेला नाही, प्रश्नांच्या क्रमाने घेतला आहे. गेल्या दोनशे वर्षांत मॉडेलांचे जे प्रकार घडले, त्यांतला प्रत्येक प्रकार एखाद्या विशिष्ट प्रश्नाच्या निकडीतून घडला. त्या प्रश्नाचे उत्तर तो चोख देतो आणि बाकीच्या प्रश्नांबाबत सहज दिशाभूल करतो. म्हणून मॉडेल बांधण्याआधी आपला प्रश्न ठरवावा, असे माझे ठाम मत आहे.

कोण कोणाशी जोडलेला?

अणू म्हणून लाकडी गोळे वापरण्याची पद्धत जॉन डाल्टनपर्यंत मागे जाते. १८१०च्या सुमारास मँचेस्टरच्या पीटर युअर्ट यांनी त्याला असे गोळे करून दिले होते. पण गोळ्यांना बाहू देऊन जोडणी दाखवण्याची पद्धत रुळवली ती आउगुस्ट विल्हेल्म होफमान यांनी. ७ एप्रिल १८६५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात त्यांनी क्रोके या खेळाचे चेंडू रंगवून आणले होते. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा आणि क्लोरीन हिरवा. आज बाजारात मिळणाऱ्या संचांत रंगांची हीच वाटणी दिसते. होफमानचा मिथेन मात्र सपाटच होता, कारण त्यांचा प्रश्न संयुजेचा होता: कार्बनला किती हात, ऑक्सिजनला किती?

या प्रश्नासाठी कोणतेही साहित्य चालते. मीठ घातलेल्या कणकेच्या गोळ्या आणि खराट्याचे हीर पुरतात. मुलांना पाच कार्बन आणि बारा हायड्रोजन द्यावेत आणि जितकी वेगळी संयुगे होतील तितकी करायला सांगावीत. सरळ साखळी, वाकडी साखळी, इंग्रजी यू अक्षरासारखी साखळी, फांदीवाली साखळी असे सात-आठ आकार टेबलावर येतात. मग एकच कसोटी लावावी: एकही जोड न सोडता, नुसते वळवून, एक आकार दुसऱ्यासारखा करता आला तर ती दोन्ही एकच संयुग. या चाळणीतून शेवटी तीनच उरतात, आणि पेंटेनचे समघटकही तीनच आहेत. ब्युटेनचे दोन, हेक्झेनचे पाच, डेकेनचे पंचाहत्तर. कागदावर जी मुले वाकवलेल्या पेंटेनला चौथा समघटक समजतात, त्यांची चूक हातात मॉडेल असले की कोणी न सांगता सुधारते.

आकार कोणता?

१८७४ साली नेदरलँड्समधला बावीस वर्षांचा याकोबुस व्हान्ट हॉफ आणि फ्रान्समधला जोसेफ ल बेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कार्बनचे चार बंध अवकाशात पसरलेले असतात असे मांडले. व्हान्ट हॉफने कार्बन चतुष्फलकाच्या मध्यभागी ठेवला. त्याचा युक्तिवाद आजही वर्गात हातांनी करून पाहता येतो. मिथेनमधले दोन हायड्रोजन काढून दोन क्लोरीन लावले की डायक्लोरोमिथेन मिळतो. मिथेन सपाट चौकोनी असता तर क्लोरीन शेजारी-शेजारी किंवा समोरासमोर बसवता आले असते आणि दोन वेगळी संयुगे मिळाली असती. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे. चतुष्फलकी मॉडेलवर क्लोरीन कोणत्याही दोन जागी लावा, वळवून पाहिले की रचना तीच निघते. प्रयोगशाळेतली एक वस्तुस्थिती आणि हातातले चार हीर यांतून रेणूचा आकार ठरतो. शाळकरी मुलांना विज्ञानाची पद्धत दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

व्हान्ट हॉफने पुठ्ठ्याचे छोटे चतुष्फलक करून ते रसायनशास्त्रज्ञांना पाठवले. त्यांतले काही लायडनच्या बुर्हाव संग्रहालयात जपलेले आहेत. त्या काळचे मोठे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी १८७७ मध्ये या कल्पनेवर कडवट टीका केली. व्हान्ट हॉफ तेव्हा उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होता, तेही त्यांनी हिणवण्यासाठी वापरले. रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये व्हान्ट हॉफला मिळाले.

हा आकार घरी साधायचा तर कोन महत्त्वाचा: १०९.५ अंश. सर्वांत सोपी पद्धत फुग्यांची. दोन-दोन फुगे जोडीने बांधून त्या जोड्या एकमेकींत पिळल्या की चार फुगे आपोआप चतुष्फलकाच्या दिशांनी पसरतात, कारण प्रत्येकाला इतरांपासून दूर जायचे असते. चार बंधांतले इलेक्ट्रॉनही असेच एकमेकांपासून दूर राहतात. गोळ्याला भोके पाडायची असतील तर कागदी पट्टीने त्याचा घेर मोजावा आणि घेराच्या ०.३०४ पट लांबीची पट्टी कापावी. पाच सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याला ती सुमारे ४.८ सेंटिमीटर येते. गोळ्यावर चार खुणा अशा कराव्यात की कोणत्याही दोन खुणांमधले पृष्ठभागावरचे अंतर या पट्टीएवढे भरेल. दुहेरी बंधाच्या कार्बनसाठी एकाच घेरावर समान अंतराने तीन खुणा पुरतात, तिहेरी बंधासाठी समोरासमोर दोन.

डावा की उजवा?

आंबलेल्या दुधातले लॅक्टिक आम्ल आणि स्नायूंतले लॅक्टिक आम्ल यांचे रचनासूत्र एकच, पण स्नायूंतले आम्ल ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवते आणि दुधातले सहसा फिरवत नाही. योहानेस व्हिस्लिसेनुस यांनी १८७३ मध्ये हा फरक अणूंच्या अवकाशातल्या मांडणीत असला पाहिजे असे म्हटले होते. व्हान्ट हॉफच्या मॉडेलने त्याचे उत्तर दिले. एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडले की दोन मांडण्या शक्य होतात, एक दुसरीची आरशातली प्रतिमा. आंबलेल्या दुधात दोन्ही समसमान असतील तर त्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात.

यासाठी चार रंगांच्या गोळ्या लावलेले दोन चतुष्फलक हवेत. एक बांधावा, आरशासमोर धरावा आणि आरशात दिसतो तसा दुसरा बांधावा. मग दोन्ही कसेही फिरवून एकमेकांवर बसवायचा प्रयत्न करावा. दोन रंग जुळतात, उरलेले दोन उलटे पडतात. कोणतेही दोन गट एकसारखे केले की अडचण संपते आणि दोन्ही मॉडेले जुळतात. कागदावर हे पटवणे फार कठीण आहे. हातात पाच मिनिटे लागतात.

या फरकाचा वास आपल्या स्वयंपाकघरात येतो. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यातला कार्व्होन आणि बाळंतशेपातला कार्व्होन एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. अणू तेच, जोडण्या त्याच, पण नाकातले ग्राहक दोघांना वेगळे ओळखतात. एका कार्बनवरची मांडणी उलटल्याने वास बदलतो, हे चतुष्फलक हातात असताना सांगितले तर मुले ते विसरत नाहीत.

फिरतो की अडतो?

इथेनमधल्या दोन कार्बनांमधला बंध अक्षाभोवती फिरू शकतो. मागचे-पुढचे हायड्रोजन एकमेकांसमोर आले की ऊर्जा वाढते, एकमेकांच्या मधल्या जागी आले की कमी होते. हा फरक मोलला सुमारे १२ किलोज्यूल, म्हणजे इतका थोडा की साध्या तापमानाला इथेन सेकंदात अब्जावधी वेळा फिरतो. मॉडेलमध्ये हे दिसायचे तर जोड फिरता हवा. भिजवलेल्या वाटाण्यांत दात कोरायच्या काड्या खोचून केलेले मॉडेल वाळल्यावर घट्ट आणि टिकाऊ होते, पण फिरत नाही. डिंकाने चिकटवलेल्या मॉडेलचेही तेच. कोनांसाठी ही मॉडेले उत्तम, फिरण्यासाठी निरुपयोगी.

या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद अध्याय सायक्लोहेक्झेनचा आहे. १८८५ मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी कार्बनची कडी सपाट असतात असे धरून त्यांच्यातल्या ताणाचा हिशेब मांडला. सपाट षटकोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून सहा कार्बनांच्या कड्यातही ताण हवा असे त्यातून निघत होते. १८९० मध्ये हेर्मान झाक्से या तरुण रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की कडे सपाट नसेल तर ताण उरतच नाही. त्याने खुर्चीसारखा आकार मांडला आणि कागद घडी करून मॉडेल करायची आकृतीही दिली. पण त्याची मांडणी गणिती होती आणि फारसे कोणी ते मॉडेल करून पाहिले नाही. १८९३ मध्ये झाक्से वारला. १९१८ मध्ये एर्न्स्ट मोर यांनी हा विचार पुन्हा उचलला, पुढे ऑड हॅसल यांनी त्याला प्रायोगिक पुरावा दिला, १९५०च्या लेखात डेरेक बार्टन यांनी अभिक्रियांशी त्याचा संबंध जोडला आणि १९६९ चे नोबेल हॅसल व बार्टन यांना मिळाले. सहा चतुष्फलकी कार्बन जोडून कडे करून पाहणाऱ्या कोणालाही ते सपाट बसत नाही हे लगेच जाणवते. बोटांनी एक टोक वर ढकलले की खुर्चीची होडी होते, दुसरे टोक ढकलले की पुन्हा खुर्ची. ज्या हायड्रोजनांची दिशा आधी उभी होती ती आता आडवी झालेली असते.

दुहेरी बंधाची गोष्ट उलटी. तो फिरत नाही, आणि म्हणून दोन्ही हायड्रोजन एका बाजूला की विरुद्ध बाजूंना हा फरक टिकून राहतो. शेंगदाण्याच्या तेलातल्या ओलेइक आम्लात ते एका बाजूला असतात. साखळीला तिथे बाक येतो, रेणू एकमेकांशेजारी नीट रचले जात नाहीत आणि आम्ल १३-१४ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते. तेच विरुद्ध बाजूंना असले की इलाइडिक आम्ल होते, साखळी बरीच सरळ राहते आणि वितळणबिंदू ४५ अंशांच्या जवळ जातो. वनस्पती तुपात तयार होणाऱ्या ट्रान्स मेदाम्लांतले हे एक. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत अशा मेदाम्लांची मर्यादा २ टक्के आहे. अठरा कार्बनांच्या दोन साखळ्या काड्यांनी करून शेजारी ठेवल्या तर एक बाकदार आणि एक सरळ दिसते, आणि त्यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

जागा किती व्यापतो?

काड्या-गोळ्यांचे मॉडेल पाहून वाटते की अणूंमध्ये भरपूर मोकळी जागा आहे. हा समज मोडण्यासाठी हर्बर्ट स्टुअर्ट यांनी १९३४ मध्ये जागा भरणारी मॉडेले केली. पुढे रॉबर्ट कोरी आणि लायनस पॉलिंग यांनी कॅलिफोर्नियात ती अधिक काटेकोर केली आणि वॉल्टर कोल्टन यांनी १९६५ मध्ये त्यांचे जोड सुधारले. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती सीपीके म्हणून ओळखली जातात.

घरी हे मातीत करता येते. एक अँगस्ट्रॉमला दोन सेंटिमीटर असे प्रमाण धरू, म्हणजे रेणू २० कोटी पट मोठा झाला. कार्बनची त्रिज्या १.७ अँगस्ट्रॉम, म्हणून गोळा ६.८ सेंटिमीटर व्यासाचा. हायड्रोजनची १.२, म्हणून गोळा ४.८ सेंटिमीटरचा. पण त्यांच्या केंद्रांतले अंतर आहे जेमतेम २.२ सेंटिमीटर. गोळे एकमेकांत खोल रुतवावे लागतात, हायड्रोजनचा बराच भाग कापून टाकावा लागतो, आणि मिथेन शेवटी चार फुगीर टेंगळे असलेल्या एका गोळ्यासारखा दिसतो. औषधाचा रेणू एखाद्या प्रथिनाच्या खोबणीत बसेल की नाही, हा प्रश्न या मॉडेलला विचारायचा. बंधांचे कोन त्याला विचारू नयेत, ते आत झाकलेले असतात.

मोजमाप बरोबर आहे का?

संशोधकांना अंतरेही अचूक हवी असतात. त्यासाठी झुरिकच्या आंद्रे ड्रायडिंग यांनी १९५९ मध्ये स्टीलच्या नळ्या आणि सळ्यांची मॉडेले केली. त्यांत गोळेच नाहीत, फक्त बंधांची लांबी, कोन आणि फिरणे. वर्गातही प्रमाण पाळणे अवघड नाही. वरच्याच प्रमाणाने कार्बन-कार्बन एकेरी बंध ३.१ सेंटिमीटर, दुहेरी २.७, तिहेरी २.४ आणि कार्बन-हायड्रोजन २.२ येतो. बेंझीनमध्ये सहाही बंध सारखेच, २.८ सेंटिमीटरचे. एकेरी-दुहेरी आलटून-पालटून काढलेले बेंझीनचे चित्र का अपुरे आहे, ते या एका आकड्यावरून कळते.

अचूक मोजमापांची ताकद पॉलिंग यांनी दाखवली. १९४८ मध्ये ऑक्सफर्डला आजारी पडून अंथरुणावर असताना त्यांनी प्रथिनाची साखळी कागदावर काढली, ठरावीक अणूंपाशी कागदाला घड्या घातल्या आणि त्यातून अल्फा हेलिक्सची रचना हाती लागली. ती १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. पेप्टाइड गट सपाट असतो हे रसायन त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून घडी योग्य जागी पडली. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये कोलॅजेनची तीन पदरी रचना मांडली आणि १९६३ मध्ये सहकाऱ्यांसह तो आलेख दिला, ज्यात प्रथिनाच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येते आणि कुठे अणू एकमेकांवर आदळतात हे दिसते. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

अचूक दिसणारे मॉडेल चुकूही शकते. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५१ मध्ये केलेले डीएनएचे पहिले मॉडेल रोझलिंड फ्रँकलिन यांनी पाहताच नाकारले, कारण फॉस्फेट गट आत ठेवले होते. १९५३ मध्ये वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे जुळवत होते तेव्हा जेरी डॉनोह्यू यांनी सांगितले की पुस्तकांतली बेसची रूपे चुकीची आहेत, हायड्रोजन दुसऱ्या जागी हवा. तो हलवल्यावर जोड्या जुळल्या. आत घातलेली माहिती चुकीची असेल तर सुबक मॉडेलही चुकीचेच निघते.

साहित्य कोणते घ्यावे?

विकतचे प्लास्टिकचे संच चांगले असतात, पण चाळीस मुलांच्या वर्गात एकच संच असेल तर तो शिक्षकाच्याच हातात राहतो. याला पर्याय देणारे काम आपल्या जवळच झाले आहे. अरविंद गुप्ता यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांची जोडणी विकसित केली, आणि पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान केंद्रातून टाकाऊतून खेळण्यांचे काम असंख्य मुलांपर्यंत नेले. नळीच्या तुकड्याला मधे बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी खोचली की तीन हातांचा जोड होतो. एका तुकड्यातून दुसरा आडवा ओवला की चार हातांचा. रेणूंसाठी या जोडाचा मोठा गुण म्हणजे तो फिरतो. उणीव अशी की तो लवचीक असल्याने कोन धरून ठेवत नाही. त्यावर उपाय सोपा आहे: हात ३ सेंटिमीटरचे असतील तर टोकांना टोके जोडणारे दोरे ४.९ सेंटिमीटरचे बांधावेत, म्हणजे चतुष्फलक आपोआप ताणून उभा राहतो.

थर्माकोलचे गोळे मी सुचवणार नाही. काडी दोनदा काढली-घातली की भोक सैल होते आणि कोन ढासळतात. शाडू वाळला की तडकतो. न वाळणारी क्ले किंवा कणीक बरी.

पडदा पुरेसा नाही का?

जेमॉल, ॲव्होगॅड्रो यांसारखे कार्यक्रम फुकट मिळतात, त्यांत मोजमापे अचूक असतात आणि मोठे रेणूही पाहता येतात. अँड्र्यू स्टल, मेरी हेगार्टी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बनी रेणूंची एक आकृती दुसऱ्या प्रकारच्या आकृतीत बदलायचे काम विद्यार्थ्यांना दिले होते. मॉडेल समोर ठेवूनही अनेकांनी ते वापरले नाही. ज्यांनी ते हातात घेऊन आकृतीच्या दिशेने फिरवले त्यांची उत्तरे अधिक अचूक आली. पुढच्या कामात, हाताच्या हालचालींशी जुळणाऱ्या साधनाने फिरवलेली पडद्यावरची मॉडेलेही तेवढीच उपयोगी ठरली. यातून मी असा अर्थ काढतो की लाभ वळवून पाहण्याच्या कृतीत आहे, आणि ती कृती शिकवावी लागते. मॉडेल टेबलावर ठेवले की काम झाले, असे होत नाही. ज्या शाळेत संगणक तीसजणांत एक आहे तिथे हीर आणि कणीक प्रत्येकाच्या हातात देता येतात, हा मुद्दा आपल्यासाठी निर्णायक आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तर स्पर्शाचे मॉडेल हाच मुख्य मार्ग आहे.

कोणतेच मॉडेल काय दाखवत नाही, तेही नोंदवायला हवे. बंध म्हणजे काडी नाही, ती इलेक्ट्रॉनांची वाटणी आहे. अणूला रंग नाही. २० कोटी पट वाढवूनही कार्बनचे केंद्रक मिलिमीटरचा हजारावा भाग एवढेच राहील, म्हणजे आपला गोळा जे भरीव दाखवतो ते मुख्यतः इलेक्ट्रॉनांचे क्षेत्र आहे. शिवाय खरे रेणू सतत थरथरत असतात.

म्हणून एक सूचना करतो. कार्बनी संयुगांच्या धड्याला दोन तास द्यावेत आणि ब्युटेन हा एकच रेणू तीन प्रकारे बांधून घ्यावा: वाटाण्यांचा, व्हॉल्व्ह ट्यूबचा आणि मातीचा. पहिल्यावर समघटक आणि कोन मोजावेत, दुसऱ्यावर मधला बंध फिरवून टोकाचे दोन कार्बन कुठे जवळ येतात ते पाहावे, तिसऱ्यावर ते जवळ आल्यावर हायड्रोजनांची टक्कर बोटांनी अनुभवावी. आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला विचारावे की तुझ्या मॉडेलने कोणती गोष्ट दाखवली आणि कोणती लपवली. ही दोन्ही उत्तरे देणाऱ्या मुलाला पुढचे कार्बनी रसायन पाठ करावे लागणार नाही.